शिरसाठबाई पुस्तकाशी भांडतात

शिरसाठबाई पुस्तक वाचायला बसल्या की समोर कुणी माणूस उभा आहे आणि त्या त्याला जाब विचारताहेत, असं वाटायचं. "बरं. मग? खोटं बोलू नकोस." हे पहिल्यांदा मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिसगावच्या शाळेत सायन्स शिकवायला मी नुकतीच हजर झाले होते आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत बाईंच्या शेजारची खोली मला मिळाली होती. बाई एकट्या राहतात, हे घरमालकानं सांगितलं होतं. त्यामुळे त्या एवढं कुणाला झापताहेत ते मला कळेना.

थोड्या वेळानं दार वाजलं. उंच, हाडापेरानं मजबूत, चाळिशी ओलांडलेल्या बाई दारात उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हात पिठानं भरलेले.

"तू नवीन बाई ना? जरा ये. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला भाकरी थापता यायची नाही."

मी गेले. चुलीशेजारी एक जाडजूड कादंबरी उपडी ठेवलेली होती. बाईंनी तिच्याकडे पिठाचं बोट रोखलं. "एवढी पानं लिहिलीत. पोरगी रडते, गाणी म्हणते, चांदण्यात बसते. पण एकदा जेवत नाही! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उपाशी."

"पुस्तकात जेवण कशाला पाहिजे?" मी भीत भीत विचारलं.

"मग ती जगते कशावर?"

बाईंनी माझ्यासमोर ताट मांडलं, गरम भाकरी टाकली, आणि मी जेवत असताना ती कादंबरी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सांगताना त्यांना ती पुन्हा आवडायला लागली होती, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या घोडेगावकडच्या. आवाज खणखणीत, बाजाराच्या दिवशी दोन आळ्यांपलीकडे ऐकू जाईल असा. गावच्या वाचनालयाचं कपाट त्यांनी केव्हाच वाचून संपवलं होतं. महिन्यातून एकदा एस.टी.नं नगरला जाऊन त्या पिशवी भरून पुस्तकं आणायच्या. कोणतं पुस्तक मोठं आणि कोणतं किरकोळ, असा भेद त्यांच्याकडे नव्हता. ज्याला बक्षीस मिळालंय तेही आणि ज्याच्या मुखपृष्ठावर पिस्तूल आहे तेही, दोन्ही त्या सारख्याच गंभीरपणे वाचायच्या. एका नामांकित लेखकाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "चाळीस पानं खरं बोलतो. मग त्याला आठवतं की आपण लेखक आहोत." कवितेबद्दल मात्र बोलत नसत. "मला ती कळत नाही, आणि न कळलेल्याला मी नावं ठेवत नाही."

त्यांचं मत ठाम असायचं, पण ते बदललं तर तेही तेवढ्याच ठामपणे सांगायच्या. एका कादंबरीला त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर भंगार म्हटलं होतं. काही महिन्यांनी तीच पुन्हा वाचली, आणि मग एकेका शिक्षकाला गाठून सांगितलं, "मी चुकले होते. पुस्तक चांगलं आहे. तेव्हा माझी दाढ दुखत होती." ड्रॉइंगचे सर म्हणाले, "अहो बाई, मी ते पुस्तक वाचलेलंच नाही." त्यावर बाई म्हणाल्या, "पण माझं ऐकून वाचायचं राहिलं असेल ना? आता वाचा."

पोरांकडची कॉमिक वर्गात पकडली गेली की इतर शिक्षक ती फाडायचे किंवा हेडमास्तरांकडे द्यायचे. शिरसाठबाई मधल्या सुट्टीत ती वाचायच्या. एकदा सातवीच्या मुलींच्या बाकाखाली त्यांना एक चित्रकथा सापडली. राजपुत्र, राक्षस, पळवलेली राजकन्या, सगळं नेहमीचं. दुपारच्या तासाला बाई ती हातात घेऊनच वर्गात शिरल्या. मी शेजारच्या वर्गात होते. मधे नुसता लाकडी पडदा होता.

"राक्षस झकास काढलाय," बाई म्हणाल्या. "कुरूप आहे, पण विचार करतो. राजपुत्राचं तोंड मात्र प्रत्येक चित्रात एकच. बायको पळवली तरी तेच, जेवायला बसला तरी तेच. आता हे पान बघा. राजपुत्र नदी पोहून चाललाय. मागं डोंगर आहे. पाणी कुणीकडं वाहतंय?"

मग एक मुलगी म्हणाली, "बाई, डोंगराकडं!"

"डोंगराकडं! म्हणजे हा राजपुत्र कुठल्या देशातला?"

सगळा वर्ग हसला. त्या तासाला बाईंनी नदीचा उगम, उतार, खोरं सगळं त्या एका चित्रावरून शिकवलं आणि शेवटी कॉमिक मुलीला परत दिली. "घरी वाच. वर्गात वाचलीस तर परत माझ्याकडं येईल, आणि मी शेवट सगळ्यांना सांगून टाकीन." ही धमकी छडीपेक्षा जास्त लागू पडायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या भागात पाणी आधीच बेताचं, त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि वर्ग रिकामे व्हायला लागले. मुली आयांबरोबर खडी फोडायला जायच्या. शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "चल, आपल्या पोरी घेऊन येऊ."

आम्ही गेलो. उन्हात शेकडो माणसं. बायका डोक्याला फडकी बांधून दगड फोडत होत्या आणि त्यांच्या शेजारी आमच्या वर्गातल्या मुली. बाईंना बघून मुलींनी हातोड्या लपवल्या. एकीची आई पारूबाई उठून उभी राहिली. ती म्हणाली, "बाई, तुमी नेणार आसाल तर न्या. पन तिची मजुरी कोन देणार?"

दुपारची सुट्टी झाली, खायला सरकारी सुकडी वाटली गेली, बायका मिळेल त्या सावलीला बसल्या. बाई एका बाभळीखाली बसल्या आणि पिशवीतून भूगोलाचं पुस्तक काढलं. मुलींनी नाक मुरडलं. मग त्यांनी ते आत ठेवलं आणि त्या आठवड्यात आणलेली कादंबरी काढली. "ही मी अजून अर्धीच वाचलीय. पहिल्यापासून वाचू का?"

द्वारका नावाच्या बाईची ती गोष्ट होती. नवऱ्यानं टाकल्यावर द्वारका भावाकडे येते. भाऊ वाईट नसतो, पण भावजयीसमोर तोंड उघडत नाही. द्वारका शिवणाचं मशीन घेते, पोरींची झबली शिवते. बाईंनी वाचायला सुरुवात केली तशा मुलींच्या आया सरकत जवळ आल्या. नवबौद्ध वस्तीतल्या बायका पलीकडे वेगळ्या बसल्या होत्या. बाईंनी दोन्ही घोळक्यांकडे बघितलं, उठल्या, आणि बरोबर मधे जाऊन बसल्या. आवाज मुद्दाम खाली आणला. त्यांचा आवाज कमी झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. ऐकायचं तर दोन्हीकडच्या बायकांना पुढे सरकावं लागलं, आणि त्या सरकल्या.

असं रोज चाललं. शाळा सुटली की बाई तलावावर. मुली ऐकायच्या, आया ऐकायच्या, मुकादमही पाठमोरा उभा राहून ऐकायचा. बायका मधेच बोलायच्या. भावजयीनं मशीन लपवलं तेव्हा एक जण ओरडली, "घाल की तिच्या टाळक्यात काय तरी!" बाई वाचायच्या थांबून म्हणाल्या, "मलाही तेच वाटलं. पण ऐक पुढं."

ही गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. आमच्या शाळेच्या संस्थेवर एक वजनदार बागायतदार होते. गाव त्यांना आबासाहेब म्हणायचं. ते एका सकाळी स्टाफरूममध्ये आले. हेडमास्तर मागे उभे.

"बाई, कामावर बायकांना कसल्या कादंबऱ्या वाचून दाखवता? नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गोष्ट म्हणे. घरोघरी भांडणं लागतील."

"तुम्ही वाचलीत?"

"मला कुठं वेळ आहे?"

"मग भांडणं लागतील हे कशावरून?"

आबासाहेब लालबुंद झाले. "डोंगरापलीकडच्या आपल्या शाळेत भूगोलाची जागा रिकामी आहे. तिथं जायचंय का तुम्हाला?"

डोंगरापलीकडच्या त्या गावाला तेव्हा एस.टी. नव्हती आणि वाचनालय तर नव्हतंच. बाईंच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी पिशवीतून कादंबरी काढून आबासाहेबांच्या हातात ठेवली.

"तुम्ही वाचा. वाईट आहे असं वाटलं तर मी बंद करते आणि तुम्ही म्हणाल तिथं जाते. तोवर बायकांना सांगते, पुस्तक आबासाहेबांकडं आहे, त्यांचं झालं की पुढचं वाचू."

आणि खरोखरच त्यांनी तसं सांगितलं. मग काय झालं ते सगळ्या गावानं बघितलं. आबासाहेब तलावाकडून जीपमधून निघाले की बायका विचारायच्या, "आबासाब, कुटवर आलं?" त्यांच्या गड्यांच्या बायका त्यांच्या वाड्यावर निरोप पाठवायच्या, "मशीन घावलं का तेवढं सांगा." आबासाहेबांनी कधी मोठं पुस्तक वाचलं नव्हतं. पण आता सगळं गाव त्यांच्या वाचनाची वाट बघत होतं.

एके दिवशी भर दुपारी ते बाईंच्या दारात आले. मी तिथेच होते. ते आत यायला तयार होईनात. पुस्तक काखेत घट्ट धरलेलं.

"त्या भावाला कुणी काही बोलत कसं नाही?" ते म्हणाले.

"तेच!" बाई उठून उभ्या राहिल्या. "लेखकानं त्याला मोकळा सोडलाय!"

"बहीण दारात उभी आहे आणि हा पेपर वाचतो. मी म्हणतो, पेपरात काय लिहिलंय एवढं?"

दोघं उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्या भावाला बराच वेळ बोलत होते. मग पुस्तक बाईंना देताना आबासाहेब म्हणाले, "वाचा तुम्ही. फक्त शेवट वाचू नका. वाईट वाटतं." आणि मग हळू आवाजात, "आमची धाकटी परत आलीय. लोकांना सांगितलंय, माहेरपणाला आलीय."

बाईंनी एवढंच विचारलं, "शिकलीय किती?"

"मॅट्रिक."

"मग ट्रेनिंग कॉलेजला घाला तिला."

आबासाहेब हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गेले.

बाईंनी शेवट वाचला. तलावावर, त्याच बाभळीखाली. द्वारका एका संध्याकाळी काजं करता करता उठते, विहिरीकडे जाते आणि परत येत नाही. तिथे कादंबरी संपते. बाईंनी पुस्तक मिटलं. त्या चिडलेल्या होत्या, मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

पारूबाई म्हणाली, "आसं कसं? मशीन हाय की तिच्याजवळ. चार पैसं येत हुतं. कशाला जाईल ती?"

"तेच मी म्हणते," बाई म्हणाल्या.

पलीकडच्या घोळक्यातली हौसाबाई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "जाती बाई. माझी जाऊ गेली. सांजच्याला भाकरी करून, झाकून ठिवून गेली. आमी समदी घरातच हुतो. कुनाला काय ठावं न्हाई."

शिरसाठबाई हौसाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि सुट्टी संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. घरी येताना वाटेत त्या एकदाच बोलल्या. "मला वाटत होतं, तो लेखक खोटं बोलला. तसं नाही. त्यानं खरी गोष्ट खोटी करून सांगितली. हे जास्त वाईट."

पुढच्या हिवाळ्यात त्या कादंबरीचे लेखक नगरला व्याख्यानाला येणार असं पेपरात आलं. बाईंनी रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली. सभागृह भरलेलं होतं. लेखकांचे कपडे पांढरेशुभ्र, आवाज गोड. ते छान बोलले. प्रश्न विचारा म्हटल्यावर दोघातिघांनी त्यांची स्तुती केली. मग शिरसाठबाई उभ्या राहिल्या.

"तुमची द्वारका विहिरीकडं का गेली?"

लोक वळून बघायला लागले. लेखक हसून म्हणाले, "ती कथेची गरज होती."

"कथेची की तुमची?"

सभागृहात कुजबुज झाली. बाई पुढे म्हणाल्या, "बायका जातात. मला माहीत आहे, आमच्याकडं एका बाईनं आपली जाऊ गेल्याचं सांगितलं. पण तिनं जाऊबाईच्या झाकलेल्या भाकरीचं सांगितलं आणि मला सगळं कळलं. तुम्ही एवढी पानं लिहिलीत, तरी मला द्वारकेचं काही कळलं नाही. आदल्या पानावर ती काजं करतेय आणि पुढच्या पानावर नाही. त्या दोन पानांच्या मधे काय झालं?"

अध्यक्षांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं. आम्ही बाहेर आलो तर लेखक मागून आले. जवळून ते थकलेले दिसले. म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला पुढचं सुचलं नाही."

"मग थांबायचं," बाई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. "कोण मागं लागलं होतं? आम्ही थांबलो असतो."

परतीच्या एस.टी.त बाई खुशीत होत्या. लेखकाला त्यांनी माफ करून टाकलं होतं. "खरं बोलला. पुढचं पुस्तक घेईन मी त्याचं." करंजीचा घाट लागला तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मीही टाकलेलीच आहे. तुला गावात कुणी सांगितलं असेलच."

मला कुणी सांगितलं नव्हतं.

"घोडेगावला आमच्या मळ्यात विहीर होती. एक दिवस गेले मी. काठावर बसले पण. मग आठवलं, एक पुस्तक अर्धं राहिलंय. वाटलं, तेवढं वाचून येऊ. घरी गेले, वाचलं."

"कोणतं पुस्तक होतं?"

"भिकार," बाई म्हणाल्या. "इतकं भिकार की मला राग आला. रात्रभर संतापले होते. सकाळी उठून शाळेच्या मास्तरांना ते का भिकार आहे ते सांगायला गेले. ते म्हणाले, एवढं बोलता येतं तर पुढं शीक की."

आणि त्या मोठ्यानं हसल्या. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून बघितलं. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला आणि पिशवीतून नवीन पुस्तक काढलं.

पुढच्या जूनमध्ये आबासाहेबांची धाकटी मुलगी नगरच्या ट्रेनिंग कॉलेजला गेली. तिला सोडायला आबासाहेब स्वतः गेले. बाईंची बदली झाली नाही. तलावावरच्या पोरींपैकी निम्म्या शाळेत परत आल्या, पारूबाईची त्यांच्यात होती. निम्म्या आल्या नाहीत. त्यांच्या घरी बाई पुढे बरेच दिवस जात राहिल्या, कधी पुस्तक घेऊन, कधी नुसत्याच.

माझं लग्न ठरलं आणि मी संगमनेरला जायला निघाले. बाई मला स्टँडवर सोडायला आल्या. गाडीला वेळ होता. बाकावर सुट्टीवर आलेला एक फौजी ट्रंकेवर पाय टाकून रहस्यकथा वाचत होता, अगदी शेवटच्या काही पानांवर आलेला. बाईंची नजर मुखपृष्ठावर गेली आणि माझ्याशी चाललेलं त्यांचं बोलणं अर्ध्यात थांबलं.

"ही चांगली आहे हं," त्या त्याला म्हणाल्या.

फौजी घाबरून म्हणाला, "बाई, शेवट सांगू नका."

"नाही सांगत. तू वाच. मी बसते."

माझी गाडी लागली. बाईंनी उठून मला जवळ घेतलं, पाठीवर थाप मारली, खिडकीपाशी येऊन "पत्र टाक" म्हणाल्या. गाडी सुरू झाली. मी मागच्या काचेतून बघितलं, मला वाटलं त्या हात हलवत असतील. बाई पुन्हा बाकावर बसल्या होत्या. हात मांडीवर, मान किंचित वाकडी. पुस्तकात त्या बघत नव्हत्या. तो अनोळखी मुलगा पान उलटत होता आणि त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, खुनी कोण ते सांगणाऱ्या ओळीपर्यंत तो केव्हा पोचतो याची वाट बघत.